आवाजावरचा शेरा

परभणीच्या माणसाला ‘शेरा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फारसी दफ्तराच्या वाटेने तो मराठीत आला, निजामी अमलात इथल्या कचेऱ्यांतून रुळला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपल्यावर, पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यावरही, अर्जाच्या समासात, शाळेच्या प्रगतिपुस्तकात आणि नोकरदाराच्या गोपनीय अहवालात आपली जागा राखून राहिला. शेरा म्हणजे दुसऱ्याने आपल्याविषयी थोडक्यात लिहिलेले, आणि पुढे आपला कागद जिथे जिथे जाईल तिथे तिथे आपल्याआधी वाचले जाणारे वाक्य. अर्ज कितीही विस्ताराने लिहिलेला असो, वरिष्ठ आधी शेरा पाहतात. हीच रीत आता माणसाच्या आवाजाला लागू झाली आहे. आणि ज्यांचे पोट आवाजावर चालते त्या मंडळींचे गाऱ्हाणे नीट मांडावे, त्याच्या उलट बाजूचे म्हणणेही ऐकून घ्यावे, आणि कायद्याच्या व वहिवाटीच्या ज्या वाटा मोकळ्या आहेत त्यांचा धांडोळा घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

जाहिरात, माहितीपट, परभाषेतील चित्रपटांचे डबिंग, श्राव्य पुस्तके, बँकेच्या फोनवर उत्तर देणारी यंत्रे, या सर्वांना कोणाचा ना कोणाचा आवाज लागतो. पूर्वी त्यासाठी मुंबईला जाऊन स्टुडिओचे उंबरे झिजवावे लागत. मराठवाड्यातल्या मुलाला रात्रीची गाडी, दादर किंवा कल्याणला उतरणे आणि कोणा नातेवाइकाच्या घरी पथारी पसरणे एवढ्याची तरतूद आधी करावी लागे. आता निवडीची कामे संकेतस्थळांवरून होतात. अमेरिकेतील ‘व्हॉइस१२३’ २००३ साली सुरू झाले. कॅनडातील ‘व्हॉइसेस’ या कंपनीने २०१७ साली ‘व्हॉइसबँक’ हे जुने स्थळ विकत घेतले. आणि त्यांच्या धर्तीवर, काही मोठी काही चिल्लर, अशी अनेक स्थळे उभी राहिली. कलावंताने आपल्या आवाजाचे नमुने तिथे ठेवायचे आणि काम देणाऱ्याने ते ऐकून निवड करायची, अशी ही योजना. मात्र हजारो नमुने कोणीच ऐकत नाही. काम देणारा शोधाच्या चौकटीत ‘तरुण’, ‘स्त्री’, ‘मराठी’, ‘गंभीर’ असे शब्द घालतो आणि जे दहावीस नमुने समोर येतात तेवढेच ऐकतो. हे शब्द म्हणजेच टॅग. कित्येक ठिकाणी ते कलावंत स्वतः भरतो. काही ठिकाणी मात्र ऐकणाऱ्या कोणाही सभासदाला दुसऱ्याच्या नमुन्यावर आपला शब्द चिकटवण्याची मुभा असते, आणि तंटा या दुसऱ्या प्रकारापासून सुरू होतो.

लोकांनी स्वेच्छेने चिकटवलेल्या शब्दांतून वर्गीकरण आपोआप उभे राहील ही कल्पना या शतकाच्या आरंभीची. तिला २००४ साली थॉमस व्हँडर वॉल या अमेरिकन गृहस्थाने ‘फोक्सॉनॉमी’ असे नाव दिले. ग्रंथपालाने ठरवलेल्या कप्प्यांऐवजी वाचकांनी दिलेली नावे चालावीत हा तिच्यातला लोकशाहीचा भाव आकर्षक होता, आणि छायाचित्रांच्या वा लेखांच्या बाबतीत तो पुष्कळ अंशी फळालाही आला. परंतु सूर्यास्ताच्या छायाचित्राला कोणी ‘उदास’ म्हटले तर सूर्याची रोजी बुडत नाही. आवाजाचे तसे नाही. आवाज हा देहाचा भाग आहे. त्याच्यावर लिहिलेला शब्द त्या देहाच्या मालकावरच लिहिला जातो.

एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या शेजारच्या घरात मानवतची एक मुलगी भाड्याने राहते. वय तेवीस. कृषी विद्यापीठाच्या बाजूला एका दुकानात हिशेबाचे काम करते आणि उरलेल्या वेळात आवाजाचा व्यवसाय उभा करू पाहते. तिचा ‘स्टुडिओ’ म्हणजे भिंतीतले एक लाकडी कपाट. आतले खण काढून टाकलेले, तिन्ही बाजूंना आईने शिवलेल्या गोधड्या खिळ्यांवर टांगलेल्या, खाली स्टीलच्या डब्यावर पुस्तकांची चळत आणि तिच्यावर मायक्रोफोन. पंखा बंद करावा लागतो, म्हणून मे महिन्यात ती पहाटे चारला उठून ध्वनिमुद्रण करी. तिने तीन नमुने एका स्थळावर ठेवले होते: एक कपाशीच्या बियाण्याची जाहिरात, एक गोदावरीवरच्या माहितीपटाचे निवेदन, आणि एक आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट. पहिले दोन तिच्या स्वतःच्या सुरात, तिसरा सोंग घेऊन. सहासात आठवड्यांनी तिने आपले पान उघडून पाहिले तेव्हा तिथे इंग्रजीत चार शब्द लागलेले होते: ग्रामीण, विनोदी, प्रौढ, मोलकरीण. कोणी लावले, कोणता नमुना ऐकून लावले, कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर तिला जी दोन बोलावणी आली ती दोन्ही मालिकांतल्या घरकामाच्या बाईसाठी होती. गोदावरीचे निवेदन कोणी ऐकलेच नव्हते, कारण ‘माहितीपट’ हा तिने स्वतः लिहिलेला शब्द लोकांच्या शब्दांखाली दबून गेला होता. तिने स्थळाकडे तक्रार केली. हे सभासदांचे मत आहे, असे छापील उत्तर आले.

“काका, मी खरंच एवढी म्हातारी वाटायले का हो?” तिने मला विचारले. ‘मोलकरीण’ हा शब्द तिने उच्चारलाही नाही. तिची आई मानवतमध्ये चार घरची धुणी-भांडी करते हे मला नंतर कळले. त्या श्रमांत लाज वाटावी असे काहीही नाही, हे ती मुलगी माझ्याहून जास्त जाणते. तिचे दुःख वेगळे होते. आईच्या कामातून वाचवलेल्या पैशांत तिने जो मायक्रोफोन घेतला होता, त्याच्यात बोलल्याबरोबर अनोळखी माणसांनी तिला पुन्हा त्याच चार घरांत नेऊन सोडले होते.

हे एक प्रकरण झाले; पण आवाजाच्या धंद्यातल्या निरनिराळ्या लोकांशी बोलून पाहिले की गाऱ्हाण्याच्या तऱ्हा पुष्कळ आढळतात. शुद्ध चुकीचे शब्द हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार: ऐकणाऱ्याने सोंगालाच मूळ आवाज समजावे आणि अभिनयाच्या यशाचीच शिक्षा कलावंताला व्हावी. खोडसाळपणा हा त्याहून वाईट, कारण त्यात स्पर्धकाचा हात असू शकतो आणि तो सिद्ध करता येत नाही. स्त्रियांच्या आवाजांना लागणारे कामुक शब्द हा तिसरा. त्याविषयी एवढेच म्हणतो की असा शब्द पाहून येणारा संदेश कामाचा नसतो, आणि घरच्यांना तो दिसला तर मुलीचे कपाट त्याच दिवशी बंद होते. ज्यांची लिंगओळख जन्माच्या दाखल्याहून वेगळी आहे अशा कलावंतांना ‘पुरुषी’ वा ‘बायकी’ असा शब्द दुसऱ्याने लावणे हे तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केलेल्या स्वनिर्णयाच्या तत्त्वाशीच विसंगत आहे.

परंतु परभणीच्या दृष्टीने सर्वांत खोल जखम बोलीची आहे, आणि तिच्यावर मला जास्त थांबावेसे वाटते.

आमच्याकडे माणूस ‘जातो आहे’ असे म्हणत नाही, ‘जायलो’ म्हणतो. बाई ‘जायले’ म्हणते. ‘काय करायलास?’ या प्रश्नाला ‘बसायलो’ हे उत्तर. क्रियापदाचे हे रूप अपभ्रष्ट किंवा आळशी नाही. ते नियमबद्ध आहे, लिंगवचनानुसार चालते, आणि पुण्याच्या ‘करतोय’ला जितके व्याकरण आहे तितकेच त्यालाही आहे. तरी त्याची शास्त्रीय नोंद व्हायला फार उशीर झाला. ग्रियर्सन साहेबांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, पण सर्वेक्षणाच्या प्रत्यक्ष कामातून हैद्राबाद संस्थान वगळलेले होते. म्हणजे कोकणातल्या आणि वऱ्हाडातल्या लहानसहान बोलींचे नमुने तिथे छापले गेले, आणि पूर्णा, पाथरी, जिंतूर, गंगाखेड इथला माणूस कसा बोलतो हे त्या महान ग्रंथात यायचे राहिले. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जिच्या अभंगांनी मराठी वाणी सातशे वर्षे जिवंत ठेवली तिच्याच मुलुखाची वाणी दप्तराबाहेर राहावी, ही खंत मला फार जुनी आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रण केले, आणि ते सर्वांना ऐकण्यासाठी खुले ठेवले, ही त्या उणिवेची उशिरा का होईना पण मोलाची भरपाई आहे.

ज्या बोलीला विद्वानांनी नाव देण्यात एवढा विलंब केला, तिला बाजाराने मात्र तत्काळ नाव दिले: ‘गावठी’. मराठी मालिकांत आणि डबिंगमध्ये प्रमाण भाषेबाहेरचा कोणताही सूर हसवण्यासाठी किंवा गडीमाणसांसाठी राखून ठेवण्याची जी सवय अनेक दशके चालत आली, तिचे आयते फळ म्हणजे हे टॅग. ऐकणारा दुष्ट नसतो. ‘जायले’ हा सूर त्याने आजवर ज्या पात्रांच्या तोंडी ऐकला त्यांचेच नाव तो लिहितो. आणि त्याने ते लिहिले की पुढच्या निवडीत तो सूर पुन्हा त्याच पात्राला मिळतो. सवयीतून शेरा आणि शेऱ्यातून पुन्हा सवय, असे हे रहाट फिरत राहते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ ही म्हण आमच्या गावाला जुन्या काळी चिकटली. परभणीचा माणूस आजही परमुलखात गेला की समोरचा ती म्हण हसत हसत म्हणून दाखवतो. गावावरचा शेरा पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. सातोन्याचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत कविता-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ साली वयाच्या चाळिशीत गेले. त्यांच्या नोकरीच्या कागदांवर ‘कारकून’ एवढाच शब्द असणार, आणि मराठी साहित्याच्या दृष्टीने तो शब्द किती थोडे सांगतो हे त्यांचा वाचक जाणतो.

याच जखमेची दुसरी बाजू दखनीची. परभणी शहरात मराठीइतक्याच सहजतेने दखनी कानावर पडते, आणि या दोन भाषांनी एकमेकींकडून इतके घेतले आहे की दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’चा आहे, आणि शब्दावर जोर देणारा तिचा ‘च’ही मराठीचाच. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फिरताना कोण कोणत्या भाषेत सौदा करतो याचा कोणाला पत्ताही नसतो. अशा गावात वाढलेल्या मुसलमान तरुणाने उत्तम मराठी निवेदन करावे आणि त्याच्या नमुन्यावर ‘उर्दू ढंग’ असा शब्द कोणी लावावा, आणि तो शब्द आवाज ऐकून लावला की नाव वाचून लावला हे त्याला कधीच कळू नये, हा अन्याय मला फार बोचतो. परदेशातल्या स्थळांवर तर आपण सगळेच, परभणीचे काय आणि पेडर रोडचे काय, ‘भारतीय धाटणी’ या एकाच खणात पडतो. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेतील अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाने तीस वर्षे काढला. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ साली त्यावर माहितीपट केला, आणि २०२० साली अझारिया यांनी ते काम सोडले. एका ढंगावर बसलेला शिक्का किती मुलांना शाळेत सोसावा लागला, हे त्या वादातून जगापुढे आले.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही, आणि तिला न्याय दिल्यावाचून हा आढावा एकतर्फी होईल.

काम देणारे म्हणतात की कलावंताने स्वतःबद्दल लिहिलेले शब्द निरुपयोगी असतात, कारण प्रत्येकाचा आवाज त्याच्या मते भारदस्त, उबदार आणि अष्टपैलू असतो. यात तथ्य आहे, आणि त्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानावर येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, आणि हाडे खालचे सूर अधिक वाहून नेत असल्यामुळे आपला आवाज आपल्याला असतो त्याहून गंभीर भासतो. स्वतःचे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो तो त्यामुळेच. आवाजाचा मालक हा आवाजाचा सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार असतो. परक्या कानाची साक्ष हवीच. शिवाय, स्वतःची जाहिरात करण्याची कला ज्याला साधली नाही अशा एखाद्या भिडस्त मुलाच्या नमुन्यावर दहा श्रोत्यांनी ‘स्पष्ट’, ‘विश्वासार्ह’ असे लिहिले आणि त्यावरून त्याला काम मिळाले, असेही होते. टॅग सरसकट काढून टाका, ही मागणी मला म्हणूनच मान्य नाही.

पण परक्या कानाची साक्ष आणि जमावाचा गलका यांत अंतर आहे. लास्टएफएम या संगीतस्थळावर श्रोत्यांनी पॅरिस हिल्टन या गायिकेच्या हलक्याफुलक्या गाण्यांना मुद्दाम अतिकर्कश मेटल संगीताचे नाव इतक्या संख्येने चिकटवले की संगीतशोधनाच्या अभ्यासकांना त्याचे उदाहरण आपल्या निबंधांत नोंदवावे लागले. स्टीम या खेळविक्रीच्या स्थळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्राहकांना खेळांवर टॅग लावू दिले, आणि काही दिवसांतच निर्मात्यांना हिणवणारे शब्द एवढे वाढले की कंपनीला आक्षेप नोंदवण्याची सोय करून द्यावी लागली. खेळाच्या निर्मात्याला मिळालेली ती सोय मानवतच्या मुलीला मिळू नये, याला कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

परीक्षकाने आवाजाला दर्जा देणे ही गोष्ट तशी आपल्याकडे नवी नाही. बाळकृष्ण केसकर १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने गायकवादकांची ध्वनिपरीक्षा घेऊन श्रेणी लावायला सुरुवात केली, आणि नामवंत गवयांनी त्याविरुद्ध मोठे वादळ उठवले. ज्यांच्या घराण्यांना शतकाची परंपरा होती त्यांनी कोणा मंडळापुढे उमेदवार म्हणून बसावे, हा अपमान त्यांना सोसवेना. त्यांची व्यथा मी समजू शकतो. तरी त्या पद्धतीत काही गोष्टी निश्चित होत्या: परीक्षक नेमलेले असत, उमेदवार त्यांच्या नजरेसमोर नसे, श्रेणीचे अर्थ ठरलेले असत, आणि ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा देता येई. परभणीचे आकाशवाणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. तिथे शेतीच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याची मराठी ही शेतकऱ्याची मराठी असली तर ते त्याचे वैगुण्य ठरत नसे, पात्रता ठरे. आवाज तोच. ऐकणारा कोण आणि कशासाठी ऐकतो आहे, यावरून त्याचे मोल उलटेपालटे झाले.

कायद्याकडे वळले म्हणजे एक आश्वासक गोष्ट ध्यानात येते. शेऱ्याच्या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी आणि महसुली वहिवाटीने पूर्वीच विचार करून ठेवलेला आहे. तो आवाजापर्यंत आणण्याचेच काम उरले आहे.

देव दत्त हे सीमावर्ती रस्त्यांच्या खात्यातले अभियंता. त्यांच्या एका वर्षाच्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा शेरा लागत होता, आणि ‘चांगला’ हा प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यांना कळवण्याची गरज नाही असे खाते म्हणत होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला की प्रत्येक शेरा, तो वाईट असो वा चांगला, संबंधिताला कळवलाच पाहिजे, आणि त्यावर त्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. कारण ‘चांगला’ हा शब्दही त्याच्या बढतीच्या आड येऊ शकतो. हा निकाल वाचताना मला शेजारच्या मुलीचे पान आठवले. ‘ग्रामीण’, ‘विनोदी’ या शब्दांत शिवी कुठेच नाही. कोणी म्हणेल, कौतुकच आहे. परंतु ज्या दारातून तिला जायचे होते ते दार त्या कौतुकाने बंद केले. देव दत्तांचे गाऱ्हाणे सरकारी नोकराचे होते आणि तो निकाल खासगी स्थळांना बांधील नाही. त्यातले तत्त्व मात्र कोणाही श्रमिकाला लागू पडणारे आहे.

त्याहून घरगुती दाखला सातबाराचा. जमिनीच्या हक्कात फेरफाराची नोंद झाली की ती लगेच कायम होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे तिची प्रत चावडीवर लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते. हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन तिचा निर्णय करावा लागतो, आणि मगच वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या व्यवहारात खेटे आणि विलंब किती होतो हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तरीही दोन एकर कोरडवाहूच्या कागदावर त्याच्या नकळत अक्षर उमटू नये एवढी काळजी कायदा घेतो. आवाज ही देखील मिळकत आहे. कित्येकांची ती एकमेव मिळकत आहे.

युरोपीय न्यायालयाचा एक निकाल याच्या अगदी जवळ येतो. आयर्लंडमधील पीटर नोव्हाक हे हिशेबतपासनिसाच्या परीक्षेत नापास झाले आणि त्यांनी आपली उत्तरपत्रिका मागितली. उत्तरे तर उमेदवाराची व्यक्तिगत माहिती आहेतच, पण परीक्षकाने समासात लिहिलेले शेरेही उमेदवाराविषयीचीच माहिती आहेत, असे त्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी ठरवले. लिहिणारा परीक्षक असला तरी लिहिले उमेदवाराविषयी, म्हणून त्याचाही तिच्यावर हक्क. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमातली व्याख्याही व्यापक आहे: जिच्यावरून वा जिच्या संबंधाने माणूस ओळखता येतो अशी त्याच्याविषयीची कोणतीही माहिती. कलम १२ प्रमाणे माहितीची दुरुस्ती आणि खोडणी मागण्याचा हक्क मिळतो. मात्र तो हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे, आणि तिसऱ्याने चिकटवलेला शब्द त्यात बसतो का, यावर वाद होणार हे उघड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींची बजावणी त्यानंतर अठरा महिन्यांनी ठरवलेली आहे. तोवर हाताशी असलेला मार्ग म्हणजे २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांतला तक्रार-निवारण अधिकारी: त्याने चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि सात दिवसांत निकाल लावावा असा दंडक आहे. छापील उत्तराने त्या कर्तव्याची पूर्तता होते असे मला वाटत नाही, आणि ज्यांना अशी उत्तरे आली त्यांनी त्या अधिकाऱ्याच्या नावे रीतसर, तारीखवार तक्रार नोंदवावी असा माझा आग्रह आहे.

आता यंत्राचा मुद्दा, जो तरुण कलावंत सर्वांत दबलेल्या आवाजात काढतात. ज्याला बोलते यंत्र घडवायचे आहे त्याला नुसते ध्वनिमुद्रण पुरत नाही. हा आवाज तरुण, हा उबदार, हा मराठवाड्याचा, अशा नोंदी केलेले ध्वनिमुद्रण त्याला लागते. म्हणजे सभासद फुकटात जे शब्द चिकटवतात ते उद्याच्या यंत्राचे खाद्य होऊ शकते, आणि मग ज्याच्यावर शब्द लावला त्याचीच जागा ते यंत्र घेऊ शकते. ही शंका अनाठायी नाही. पॉल लेरमन आणि लिनिया सेज या दोन अमेरिकी कलावंतांनी एका कामाच्या बाजारस्थळावरून आवाज दिला आणि पुढे आपलेच आवाज दुसऱ्या नावांनी ‘लोव्हो’ कंपनी विकते आहे असा दावा २०२४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाखल केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेला मनाई केली. ही दोन्ही नावे सर्वश्रुत आहेत. मानवतच्या मुलीचा आवाज कोणी उचलला तर तो तिचाच आहे हे न्यायालयात कोणाच्या साक्षीने सिद्ध होणार? याच्या उलट, लोकांनी जाणूनबुजून आवाज दान करण्याचे उपक्रमही आहेत: मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, भारत सरकारच्या भाषिणीचे ‘भाषादान’ आहे. कॉमन व्हॉइसमध्ये वय, लिंग, बोलण्याचा ढंग या गोष्टी बोलणारा स्वतः आणि स्वेच्छेने सांगतो. संमती हा तिथला पाया आहे, आणि निवडीच्या स्थळांनी तिथून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

माझ्या मते मागणी थोडकीच असावी, पण ती ठाम असावी. शब्द लावणाऱ्याचे नाव कलावंताला दिसावे. शब्द लागण्याआधी त्याला कळवले जावे आणि हरकतीला मुदत मिळावी. कोणत्या नमुन्याला शब्द लावला हे स्पष्ट असावे, म्हणजे आजीचे सोंग नातीच्या वयावर चढणार नाही. जात, धर्म, देह यांवरचे शब्द मुळातच वर्ज्य असावेत. आणि बोलीचे नाव बोलणाऱ्याने सांगावे. ‘ग्रामीण’ हे कोणत्याही बोलीचे नाव नाही, ‘मराठवाडी’ हे आहे. मुंबईत आवाजाच्या कलावंतांची संघटना आहे, तिने मोबदल्याच्या बरोबरीने हा विषय हाती घ्यावा, आणि तिच्या बैठकीत जिल्ह्यांतल्या कपाटांतून काम करणाऱ्यांनाही बसायला जागा मिळावी.

गेल्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो. तिने जुने तिन्ही नमुने काढून टाकले होते आणि नवा नमुना करीत होती. आरंभीच आपले नाव, मानवत हे गाव आणि मराठवाडी ही बोली आपल्याच तोंडाने सांगायची, आणि मग गोदावरीचे निवेदन, या वेळी दोनदा, एकदा प्रमाण मराठीत आणि एकदा घरच्या मराठीत, अशी तिची योजना होती. दुसऱ्या वाचनात ती ‘नदी वाहायले’ इथवर आली आणि पूर्णेकडची गाडी शिट्टी देत निघाली. तिने हाताने मला थांबायची खूण केली. गाडी फाटकापलीकडे जाऊन आवाज पुरता विरेपर्यंत आम्ही दोघेही गप्प बसलो. मग तिने खिळ्यावरून सरकलेली गोधडी नीट केली, कपाटाचे दार ओढून घेतले, आणि पहिल्यापासून वाचायला घेतले.